पेपरच्या शेवटची ती यादी: रेफरन्स कसे लिहायचे आणि इतके काटेकोर का

ऑक्टोबर २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियात डेलॉइट या बड्या सल्लागार कंपनीवर सरकारचे काही पैसे परत करण्याची वेळ आली. काम होतं सुमारे ४ लाख ४० हजार ऑस्ट्रेलियन डॉलरचं, आणि अहवालात दिलेले काही संदर्भ अस्तित्वातच नव्हते. अहवाल लिहिताना एआय वापरलं होतं, हे नंतर पुढे आलं. त्याआधी २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात वकिलांना ५,००० डॉलरचा दंड बसला होता. चॅटजीपीटीने रचलेले खटले त्यांनी खरे समजून अर्जात घातले होते.

या बातम्या वाचून आपल्याकडे हसणारे पुष्कळ. पण बेळगावात हा विषय वाटतो तेवढा लांबचा नाही. व्हीटीयूचं, म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं, मुख्यालय इथं, राणी चन्नम्मा विद्यापीठ इथं, आयसीएमआरची पारंपरिक औषधांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था इथं. शिवाय मेडिकल, फार्मसी, आयुर्वेद आणि इंजिनिअरिंगची कॉलेजं. खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या मराठी शाळांतून आलेली मुलं इथं एमडी, एमटेक, पीएचडी करतात. जीव ओतून संशोधनाचा पेपर लिहितात, आणि चार दिवसांत जर्नलचा मेल येतो की रेफरन्स आमच्या स्टाइलमध्ये नाहीत, दुरुस्त करून पुन्हा पाठवा. गाइड सर म्हणतात, ‘बघून करून टाक की.’ काय बघायचं, ते कुणी सांगत नाही.

सायटेशन वेगळं, रेफरन्स वेगळा

मजकुरात एखादं विधान केल्यावर तिथल्या तिथं जी खूण करतो ती सायटेशन. ती कधी चौकोनी कंसातला आकडा असते, कधी ओळीच्या वर चढवलेला बारीक आकडा, तर कधी गोल कंसातलं आडनाव आणि वर्ष. ही खूण पेपरच्या शेवटच्या यादीतल्या ज्या पूर्ण नोंदीकडे बोट दाखवते, ती नोंद म्हणजे रेफरन्स.

ही जोडी फुटू द्यायची नाही. यादीत नोंद आहे पण मजकुरात खूण नाही, तर संपादक ती नोंद काढायला लावतो. मजकुरात खूण आहे आणि यादीत नोंदच नाही, हे त्याहून वाईट, कारण मग ते विधान कशाच्या जोरावर केलं हेच कळत नाही. थिसिसच्या शेवटी ‘हेही वाचलं, तेही वाचलं’ म्हणून जी लांबलचक ग्रंथसूची जोडतात, तिला जर्नलच्या पेपरमध्ये जागा नसते.

खूण कुठं करायची? आकडा, निष्कर्ष, पद्धत किंवा मत दुसऱ्याचं असेल तिथं. मलेरिया डासांमुळे पसरतो, याला आज कुणी दाखला मागत नाही. पण तुमच्या तालुक्यात तो किती लोकांना झाला हे लिहिलंत, तर तो आकडा कुठून आणला ते सांगावंच लागतं.

आपल्याच जिल्ह्यातली एक नोंद उलगडून बघू

२००६ साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय जर्नलमध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांवरचा एक पेपर आला. इथल्या जेएनएमसी या मेडिकल कॉलेजचे डॉक्टर आणि अमेरिकेतले संशोधक यांनी मिळून तो अभ्यास केला होता. प्रश्न साधा होता. मोठ्या दवाखान्यापासून लांब बाळंतपण होतं तेव्हा एएनएम सिस्टरने बाळंतिणीला तोंडाने घ्यायच्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, तर नंतरचा जास्तीचा रक्तस्राव कमी होतो का? १,६२० बायकांवर चाचणी झाली. नुसत्या दिखाऊ गोळ्या मिळालेल्या गटात असा रक्तस्राव १२ टक्के बायकांना झाला, औषध मिळालेल्या गटात ६.४ टक्के. या पेपरचा दाखला पुढे जगभर दिला गेला. जर्नलमध्ये तो रोमन लिपीत छापतात. इथं देवनागरीत उतरवतो:

डर्मन आरजे, कोडकणी बीएस, गौडर एसएस, गेलर एसई, नाईक व्हीए, बेल्लद एमबी, एट ॲल. ओरल मिसोप्रोस्टॉल इन प्रिव्हेंटिंग पोस्टपार्टम हेमरेज इन रिसोर्स-पुअर कम्युनिटीज: अ रँडमाइज्ड कंट्रोल्ड ट्रायल. लॅन्सेट. २००६;३६८(९५४३):१२४८-५३.

ही झाली व्हँकुव्हर पद्धत. मेडिकलची बहुतेक जर्नलं हीच मागतात. आधी लेखक. आडनाव पुढे, मग नावाची आद्याक्षरं, त्यात टिंब नाही, मोकळी जागा नाही. पहिले सहा लेखक लिहायचे आणि त्याहून जास्त असतील तर ‘एट ॲल’, म्हणजे ‘आणि इतर’. या पेपरला एकूण बारा लेखक आहेत, म्हणून सहावर थांबलो. मग शीर्षक; त्यातलं पहिलं अक्षर आणि विशेषनामं सोडून सगळं लहान लिपीत. मग जर्नलचं नाव, तेही ठरलेल्या संक्षेपात. ‘द लॅन्सेट’मधला ‘द’ गळतो. ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’चं ‘इंडियन जे मेड रेस’ होतं. एकाच शब्दाचं नाव मात्र तोडत नाहीत. हे संक्षेप मनाने करायचे नसतात. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या यादीत बघून घ्यायचे.

शेवटची आकड्यांची माळ बघून पोरं गांगरतात. २००६ हे वर्ष, ३६८ हा खंड, कंसातला ९५४३ हा अंक, आणि विसर्गचिन्हानंतर पानं. १२४८ ते १२५३ ही पानं ‘१२४८-५३’ अशी लिहिली, कारण दोन्हीकडे सारखे असलेले आकडे दुसऱ्यांदा लिहीत नाहीत.

हाच पेपर मानसशास्त्र किंवा शिक्षणशास्त्राच्या जर्नलला द्यायचा असेल तर बहुधा एपीए, म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची, पद्धत लागते. तिथं वर्ष लेखकांच्या लगेच मागे कंसात येतं, आद्याक्षरांना टिंबं येतात, जर्नलचं नाव पूर्ण आणि तिरप्या अक्षरांत येतं, पानांचे आकडे दोन्हीकडे पुरते लिहायचे. सध्याच्या सातव्या आवृत्तीत वीस लेखकांपर्यंत सगळी नावं देतात, म्हणजे इथं बाराच्या बारा. मजकुरात मात्र तीन किंवा जास्त लेखक असले की पहिल्याच खेपेला ‘डर्मन एट ॲल., २००६’ एवढंच.

एकच काम, मग इतक्या पद्धती कशाला?

ही तक्रार रास्त आहे. उत्तर इतिहासात आहे. लेखकाचं नाव आणि वर्ष कंसात देण्याच्या पद्धतीला ‘हार्वर्ड’ म्हणतात. तिचं मूळ एडवर्ड लॉरेन्स मार्क या हार्वर्डच्या प्राणिशास्त्रज्ञाच्या १८८१ सालच्या लेखात दाखवतात. एपीएची सुरुवात १९२९ची. वैद्यकीय जर्नलांचे संपादक १९७८ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरला जमले, कारण प्रत्येक जर्नलची तऱ्हा वेगळी होती आणि एकाने नाकारलेला लेख दुसऱ्याला पाठवायचा तर टाइपरायटरवर सगळी यादी पुन्हा बडवावी लागे. त्या बैठकीतून एक सामाईक पद्धत निघाली. आज त्या मंडळाला आयसीएमजेई म्हणतात. इंजिनिअरिंगवाल्यांची आयट्रिपलई पद्धत, म्हणजे चौकोनी कंसात आकडा, ती आणखी निराळी.

प्रत्येक विषयाच्या गरजाही वेगळ्या. समाजशास्त्रात कोण आणि केव्हा म्हणालं याला वजन असतं, म्हणून नाव-वर्ष मजकुरातच दिसलेलं बरं. मेडिकलच्या एका वाक्यामागे आठ-आठ पेपर असतात. तिथं नावं घातली तर वाक्यच दिसेनासं होईल, आकडे सुटसुटीत.

सरहद्दीवरच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. चंदगडच्या बाजूला सात-बारा, बेळगावच्या बाजूला आरटीसीचा उतारा. मांडणी वेगळी, रकाने वेगळे, लिपीसुद्धा वेगळी. पण गाव, सर्व्हे नंबर, हिस्सा आणि खातेदाराचं नाव बरोबर असलं की दोन्ही कागद माणसाला नेमक्या बांधावर नेऊन उभं करतात. रेफरन्सचंही काम तेवढंच. वाचणाऱ्याला त्या पेपरपर्यंत पोचवायचं. आणि इकडच्या कचेरीत तिकडच्या नमुन्यातला कागद चालत नाही, तसंच जर्नलचं.

म्हणून लिहायला बसण्याआधी जर्नलच्या संकेतस्थळावरच्या लेखकांसाठीच्या सूचना उघडायच्या, आणि त्याच जर्नलचा ताजा छापील पेपर शेजारी ठेवायचा. सूचना आणि छापील पेपर यांत फरक दिसला तर छापील पेपरवर विश्वास ठेवावा, असं माझं मत. सूचनांचं पान कित्येकदा जुनं राहून जातं. बरीच जर्नलं आता पहिल्या खेपेला कुठलीही एक सुसंगत पद्धत चालवून घेतात आणि पेपर स्वीकारल्यावर स्टाइल मागतात. तशी सवलत लिहिलेली असेल तर पहिल्या खेपेला टिंबांवर रात्र घालवू नका.

पाटील कुठले, कुणाचे?

आपल्या भागातल्या संशोधकाची खरी अडचण नावांची आहे. परदेशी सूचनांमध्ये तिच्याबद्दल फारसं काही मिळत नाही. ‘पाटील एस’ म्हटलं की कोण कळणार? संजय, सुनीता, शिवानंद, सागर, सगळे ‘पाटील एस’. त्यातला एकजण हाडांचा डॉक्टर, दुसरी बायोटेकची. मराठी रीत म्हणजे नाव, वडिलांचं नाव, आडनाव. कन्नड नावांत आधी गावाचं आद्याक्षर, मग वडिलांचं, मग स्वतःचं नाव, असंही असतं, आणि पुष्कळांना आडनावच नसतं. संगणक शेवटचा शब्द आडनाव समजून पुढे घेतो आणि माणसाचं नावच आडनाव होऊन बसतं.

दुसऱ्याचा पेपर साइट करताना, म्हणजे त्याचा दाखला देताना, नियम सोपा: त्या पेपरवर नाव जसं छापलंय आणि पबमेडसारख्या वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीत ते जसं घेतलंय, तसंच उतरवायचं. ‘मला माहीत आहे ना, ते आमच्या गल्लीतले आहेत, त्यांचं आडनाव अमुक’ असं म्हणून दुरुस्त करायला जाऊ नका. शोधणारा छापलेल्या नावानेच शोधणार.

स्वतःच्या नावाचं मात्र पहिल्या पेपरलाच ठरवून टाका. आद्याक्षरं किती, स्पेलिंग कुठलं, ते एकदा पक्कं केलं की आयुष्यभर तेच. लग्नानंतर आडनाव बदलणाऱ्या मुलींनी याचा विचार आधीच केलेला बरा. शिवाय २०१२ पासून ओर्किड नावाचा सोळा अंकी मोफत क्रमांक मिळतो. तो माणसाला चिकटतो, नाव बदललं तरी बदलत नाही. सगळे पाटील त्याने वेगळे ओळखता येतात.

मराठी-कन्नड संदर्भ आणि बेळगाव-बेळगावी

इंग्रजी पेपरमध्ये मराठी पुस्तक, कन्नड सरकारी अहवाल किंवा स्थानिक वृत्तपत्र साइट करता येतं का? येतं, बेलाशक. व्हँकुव्हर पद्धतीत शीर्षकाचं इंग्रजी भाषांतर चौकोनी कंसात देतात आणि नोंदीच्या शेवटी भाषेचं नाव लिहितात. एपीएत मूळ शीर्षक रोमन लिपीत उतरवून त्याच्यापुढे चौकोनी कंसात भाषांतर. कंस चौकोनीच हवा. ‘हे शब्द माझे, मूळ पानावर असे नाहीत’ ही कबुली त्या कंसात असते. कन्नड अहवाल स्वतः वाचता येत नसेल तर वाचणाऱ्याकडून समजून घ्यावा. वाचता येत नाही म्हणून तो टाळून त्यातलाच आकडा कुठल्यातरी इंग्रजी बातमीतून उचलू नये.

गावाच्या नावाचं काय? १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर ‘बेळगावी’ आलं. नावावरून आपल्याकडे काय चालतं ते सर्वांना ठाऊक आहे. त्या वादात इथं शिरायचं कारण नाही. रेफरन्सला राजकारण कळत नाही. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा एकविसावा खंड १८८४ साली ‘बेलगाम’ या इंग्रजी नावाने निघाला, तो तसाच लिहायचा. २०१८चा पेपर ‘बेळगावी’ म्हणत असेल तर तोही तसाच. शीर्षकातलं नाव बदललं, मग ते कुठल्याही बाजूचं असो, की शोधयंत्राला ते सापडत नाही. स्वतःच्या पेपरमध्ये कॉलेजचा पत्ता मात्र कॉलेज सध्या अधिकृतपणे लिहितं तोच द्यावा, नाहीतर संस्थेच्या खात्यावर तो पेपर मोजला जात नाही.

डीओआय: पेपरचा कायमचा क्रमांक

संकेतस्थळांचे दुवे मरतात. जर्नल दुसऱ्या प्रकाशकाकडे गेलं की जुना दुवा उघडत नाही. त्यावर उपाय म्हणून २००० सालापासून डीओआय हा क्रमांक वापरात आला. तो नेहमी ‘१०.’ने सुरू होतो. त्यानंतरचे आकडे तो क्रमांक कुणी नोंदवला ते सांगतात आणि तिरप्या रेघेनंतरचा भाग त्या एका पेपरचा. ‘१०.१०१६’ दिसलं की तो एल्सव्हिअरचा. लॅन्सेटही त्यांचंच. पेपर कुठंही हलवला तरी प्रकाशक नोंदणीत नवा पत्ता भरतो आणि क्रमांक तोच राहतो.

क्रमांक असला की तो द्यावा, आणि डीओआयच्या संकेतस्थळावर टाकून बघावा. उघडलेला पेपर आणि तुमची नोंद एकच आहे का, हे तपासायला अर्धा मिनिट लागतो. जुन्या भारतीय जर्नलांच्या पुष्कळ लेखांना डीओआय नसतो. मग तो गाळायचा, मनाने काही घालायचं नाही.

‘हे सगळं सॉफ्टवेअर करतं की!’

करतं, आणि वापरावंच. झोटेरो मोफत आहे, मेंडेली आहे, कॉलेजने पैसे भरले असतील तर एंडनोट आहे. आकडे-पद्धतीत तर सॉफ्टवेअरशिवाय हाल. समीक्षकाने दुसऱ्या परिच्छेदात एक रेफरन्स वाढवायला सांगितला की पुढचे सगळे आकडे एकेकाने सरकतात. ते हाताने करणारा माणूस तिसऱ्या पानापर्यंत चुकतोच. झोटेरोत स्टाइल बदलायची म्हणजे यादीतून जर्नलचं नाव निवडायचं, बस्स.

पण सॉफ्टवेअर फक्त मांडणी करतं. माहिती चुकीची आत गेली तर चुकीचीच बाहेर येते, फक्त नीटनेटकी. गूगल स्कॉलरवरून उचललेल्या नोंदीत शीर्षक सगळं मोठ्या लिपीत येतं, अंक गायब असतो, कधी लेखकाच्या जागी संस्थेचं नाव बसलेलं असतं. शक्यतो पबमेडवरून किंवा डीओआय टाकून नोंद घ्यावी. घेतल्या घेतल्या ती उघडून पानाशी ताडावी, कारण तीस नोंदी साचल्यावर कुणीच ताडत नाही.

एक बारकी सूचना. अंतिम फाइल पाठवण्याआधी सॉफ्टवेअरचे जिवंत दुवे काढून साधा मजकूर करायचा असतो. पण त्याची मूळ जिवंत प्रत वेगळी जपून ठेवायची. दुरुस्तीसाठी पेपर परत आला आणि जवळ साधी प्रतच उरलेली असली, तर सगळं पहिल्यापासून.

तक्त्यांमध्ये सॉफ्टवेअर हमखास फसतं. तक्ता फाइलच्या शेवटी असला की सॉफ्टवेअर त्यातल्या रेफरन्सना शेवटचे आकडे देतं. आयसीएमजेईचा नियम वेगळा आहे: मजकुरात ‘तक्ता १’चा पहिला उल्लेख जिथं येतो, त्या जागेप्रमाणे त्यातल्या रेफरन्सना आकडा मिळतो. संपादक इथंच पकडतात.

‘सर, एका कॉमाने काय होतंय?’

कॉमाने बहुधा काही होत नाही. ते शिस्तीचं काम. काही चिन्हांना मात्र अर्थ असतो. खानापूर तालुक्यातल्या तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेतलं दुर्मीळ वटवाघूळ शास्त्रीय लेखात असं लिहितात: ओटोमॉप्स रॉटोनाय (थॉमस, १९१३). त्या वर्षी ऑल्डफील्ड थॉमस यांनी त्याचं पहिलं वर्णन केलं. कंस शोभेला नाही. थॉमस यांनी ही प्रजाती आधी दुसऱ्या प्रजातिगणात ठेवली होती आणि नंतर ती हलवली गेली, एवढी माहिती त्या कंसात आहे. कंस काढला तर विधान बदलतं.

आणि पानाचा आकडा चुकला तर? कॅलिफोर्नियातल्या सिमकिन आणि रॉयचौधुरी या दोघांनी २००३ च्या सुमारास एक गमतीचा हिशेब मांडला. भौतिकशास्त्रातला १९७३ सालचा एक प्रसिद्ध पेपर ४,३०० वेळा साइट झाला होता. त्यातल्या १९६ नोंदींत छापाई-चुका होत्या, पण वेगवेगळ्या चुका फक्त ४५. एकच चुकीचा पान क्रमांक ७८ जणांनी लिहिला होता. अठ्ठ्याहत्तर माणसं स्वतंत्रपणे तीच चूक कशी करतील? दुसऱ्याच्या यादीतून नोंद उतरवली, मूळ पेपर उघडलाच नाही. त्यावरून दोघांचा अंदाज असा निघाला की साइट करणाऱ्यांपैकी जेमतेम वीस टक्के लोक मूळ पेपर वाचत असावेत.

त्याहून कडी म्हणजे एल्सव्हिअरच्या सूचनांमधली नमुन्याची नोंद. ‘रेफरन्स असा लिहा’ हे दाखवायला व्हॅन डेर गीर आणि इतर दोघांच्या नावे एक काल्पनिक पेपर रचला होता. असा पेपर नाही, जर्नलही नाही. तरी तो शेकडो प्रकाशित लेखांच्या यादीत शिरला. लोकांनी नमुना पुसायचा राहू दिला असावा, आणि संपादक, समीक्षक, प्रूफ तपासणारे, कुणाच्याच नजरेला तो खुपला नाही.

हे हसण्यावारी नेता येतं. पुढचं नाही. १९८० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये पाच वाक्यांचं एक पत्र छापून आलं: रुग्णालयात दाखल असताना अफूवर्गी वेदनाशामक मिळालेल्या ११,८८२ रुग्णांत व्यसन लागल्याची फक्त चार प्रकरणं आढळली. दाखल असताना, देखरेखीखाली, एवढाच त्याचा अर्थ. २०१७ मध्ये त्याच जर्नलमध्ये हिशेब आला: ते पत्र ६०८ वेळा साइट झालं होतं, त्यातल्या ७२ टक्के लेखांनी ‘व्यसन क्वचितच लागतं’ याचा पुरावा म्हणून ते वापरलं, आणि ८० टक्क्यांहून जास्त लेखांनी रुग्ण दाखल होते हे सांगितलंच नाही. घरी महिनोन्‌महिने अशा गोळ्या लिहून देणं सुरक्षित वाटायला याने हातभार लावला, असं त्या अभ्यासकांनी म्हटलं. अमेरिकेतलं पुढचं व्यसनाचं संकट सर्वांना माहीत आहे. त्या शेकडो नोंदींत खंड, पान, वर्ष बहुतेक बरोबरच असणार. मांडणी बिनचूक, आणि पाच वाक्यं वाचण्याची तसदी मात्र घेतलेली नाही.

म्हणून मी स्टाइलपेक्षा जास्त भर एका सवयीवर देतो. जी नोंद यादीत जाते तिची पीडीएफ तुमच्या फोल्डरमध्ये असलीच पाहिजे, आणि ज्या वाक्यावर तुम्ही आपलं विधान टेकवलंय ते तीत रंगवलेलं असलं पाहिजे. मूळ मिळतच नसेल तर ‘अमुकने उद्धृत केलेले’ असं उघड सांगण्याची सोय एपीएत आहे. शक्य तिथं मूळ संशोधनाचाच थेट संदर्भ द्यावा, असं आयसीएमजेईही सांगतं.

एआयकडून यादी करून घेतली तर?

मांडणीसाठी घेतली तर फारसं बिघडत नाही. यादी द्या, व्हँकुव्हरमध्ये कर म्हणा, मग एकेक आकडा ताडून बघा. एआय कधीकधी पान किंवा आद्याक्षर बदलतं. पण ‘या विधानासाठी दहा रेफरन्स दे’ असं म्हटलंत की धोका. चॅटबॉट पुढचा शब्द कुठला शोभेल याचा अंदाज बांधत लिहितो. शोभणारा लेखक, शोभणारं जर्नल, शोभणारं वर्ष. लेखक खरा असतो, त्याच विषयातला असतो, जर्नलही खरं असतं, फक्त तो पेपर कधी लिहिलेला नसतो. डीओआय टाकला तर भलताच लेख उघडतो किंवा काहीच उघडत नाही. आयसीएमजेईने स्पष्ट म्हटलंय की चॅटबॉट लेखक होऊ शकत नाही आणि त्याने तयार केलेला मजकूर मूळ स्रोत म्हणून साइट करता येत नाही.

आणि ते प्लेजरिझमचं टक्केवारीचं भूत

प्लेजरिझम म्हणजे दुसऱ्याचा मजकूर चोरणं. ‘रेफरन्स जास्त दिले तर साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टक्के वाढतात’ या भीतीने काही जण नोंदी कमी करतात. युजीसीच्या २०१८च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, आणि मोजताना संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश आणि श्रेय देऊन घेतलेली अवतरणं वगळायची असतात. चौदा सलग शब्दांपर्यंतची सामान्य वाक्यंही. रिपोर्ट काढताना ती वगळणी लावली आहे का, हे ग्रंथपालांना विचारा. ‘पीएचडीला पेपरची सक्तीच आता नाही’ हेही ऐकू येतं. २०२२च्या नियमांनी ती सक्ती काढली हे खरं. पण थिसिसलाही याद्या असतातच आणि तोंडी परीक्षेत परीक्षक त्याच चाळतात.

पाठवण्याआधीची संध्याकाळ

कागदावर प्रिंट काढा. मजकुरातला प्रत्येक आकडा पेन्सिलने टिक करत यादीशी जोडा, मग उलट यादीकडून मजकुराकडे या. मग प्रत्येक नोंद पबमेडवर टाकून तो पेपर मागे घेतलेला तर नाही ना, बघा. लशीमुळे ऑटिझम होतो असं सुचवणारा १९९८चा वेकफिल्ड यांचा लेख लॅन्सेटने २०१०मध्ये मागे घेतला, तरी तो सापडतो आणि उघडतोही. वर फक्त मागे घेतल्याचा शिक्का असतो. मागे घेतलेल्या पेपरांची ‘रिट्रॅक्शन वॉच’ची यादी २०२३पासून डीओआय नोंदवणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेकडे आहे आणि ती मोफत बघता येते. झोटेरो ती आपणहून ताडतं आणि लाल पट्टी दाखवतं.

पेपर स्वीकारल्यावर प्रूफ, म्हणजे छापण्याआधी तपासायची प्रत, येईल. त्यात ‘रेफरन्स १४: अंक क्रमांक द्या’, ‘रेफरन्स २२: मजकुरात सापडला नाही’ असे लेखकाला प्रश्न असतील आणि उत्तर बहुधा ४८ तासांत मागतील. त्या वेळी फोल्डरमधली पीडीएफ उघडायची आणि आकडा वाचून भरायचा.